बाळंतिणीच्या खोलीतली हवा

मी घर बांधलं. सत्तरी उलटल्यावर, बायको गेल्यावर बांधलं. एकट्या म्हाताऱ्याला आता घर कशाला, असं आमचं अर्धं आगाशी गाव तोंडावर म्हणत होतं आणि उरलेलं पाठीमागे. तरी बांधलं आणि चांगलं बांधलं. शाळा माझी चौथीपर्यंत, तेव्हा लिहिण्यात वाकडंतिकडं असेल, पण भिंती ओळंब्यात आहेत. पटत नसेल त्याने येऊन बघावं.

आमची वाडी लहान. केळी, थोडी सुपारी, कडेने फुलझाडं. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर वाळवून त्यांची सुकेळी करायची, हा आमचा धंदा. घड मी कापायचो, बाकी सगळं बायकोच्या हातात. कधी मांडायची, कधी उलटायची, कधी झाकायची ते ती ठरवायची. मी नुसता हमाल. सकाळी उठली की ती दारात बशीभर खडेमीठ ठेवायची. चहा होईपर्यंत मिठाला पाणी सुटलं तर त्या दिवशी केळी सोलायची नाहीत. मी म्हणायचो, "ऊन आहे की कडक." ती म्हणायची, "ऊन नाही वाळवत, हवा वाळवते. जा, शेणखत टाकून या." नवऱ्याला एवढंच उत्तर.

जुनं घर मातीच्या भिंतींचं. एका वादळात कौलं उडाली आणि आम्ही वर सिमेंटचे पत्रे घातले. झटपट काम झालं आणि पुढे दर उन्हाळ्यात त्याची शिक्षा भोगली. दुपारी पत्रा तापायचा, समुद्राकडून ओला वारा यायचा आणि मधल्यामध्ये माणूस शिजायचा. बायकोचं शेवटचं आजारपण त्याच पत्र्याखाली सुरू झालं. घामाने भिजलेली उशी उलटून घ्यायची आणि म्हणायची, "घर बांधा. पोरीचं पहिलं बाळंतपण या भट्टीत नाही करायची मी."

मुलगी आम्हाला एकच, विरारला दिलेली. तेव्हा तिच्याकडून काही बातमी नव्हती, पण हिच्या डोक्यात बाळंतिणीची खोली तयार होती. रस्त्याकडचा वाडीचा तुकडा विकून आम्ही काम काढलं. ठेकेदार जोतं आखायला आला आणि म्हणाला, फणस तोडावा लागेल. ही खाटेवरून उठून काठी टेकत बाहेर आली. "फणस पश्चिमेला आहे. दुपारचं ऊन तो अंगावर घेतो. तुमचं घर सरकवा." घर सरकलं. जोतं झालं, आणि ती गेली.

मी काम बंद केलं. पावसाळ्यात जोत्यावर शेवाळ धरलं, विटांच्या थप्पीतून गवत आलं. केळी घडावरच पिकली, पाखरांनी खाल्ली, तरी मी खाटेवरून उठलो नाही. लोक येऊन सांगायचे, रडा, मोकळे व्हा. मला रडता येत नाही. त्याला मी काय करू?

गणपतीच्या सुमाराला मुलीचा फोन आला. "बाबा, आई असती तर आधी तिला सांगितलं असतं," एवढं म्हणून ती थांबली. मला कळलं. उठलो, दाढी केली, बरा राहिलेला एक घड कापला आणि बस धरून विरारला गेलो.

तिची सासू, म्हणजे आमच्या विहीणबाई, मूळच्या साताऱ्याकडच्या. यजमानांच्या नोकरीमुळे विरारला आल्या. यजमान गेले, पण कुंकू बाईंनी सोडलं नाही; मुलगा मुंबईला नोकरीला लागला, इथे केस पांढरे झाले, तरी बाईंच्या तोंडी अजून "आमच्याकडं" म्हणजे सातारा. मनाने वाईट नाहीत. जीभ धारेची आहे, पण माझी काय बोथट आहे?

चहा झाला. मी म्हटलं, "पहिलं बाळंतपण माहेरी. रीतच आहे. वैशाखात घेऊन जाईन."

बाईंनी कप खाली ठेवला. "व्याही, राग मानू नका. आई नाही त्या घरी बाळंतीण कुणाच्या जिवावर पाठवायची? आणि तीही वैशाखात! तुमच्याकडं समुद्राकाठी नुसत्या घामाच्या धारा."

"तुमचं विरार काय महाबळेश्वराशेजारी आहे?"

"आमच्याकडं एसी आहे."

"मग बाळंतिणीला एसी लावणार?"

"छे हो! बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नसतो. पंखासुद्धा नाही."

"मग तो एसी काय हळदीकुंकवाला ठेवलाय?"

जावई चहात हसला आणि त्याला ठसका लागला. बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ठीक आहे. बांधा तुमचं घर. मी स्वतः येईन. दारं-खिडक्या लावून त्या खोलीत दुपारभर बसेन, बाळंतीण बसते तशी. मला घाम फुटला नाही तर सून तुमच्याकडं. फुटला तर हा विषय परत काढायचा नाही."

"कबूल," मी म्हटलं.

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.  सासरी मुली बोलत नाहीत, नुसत्या बघतात. ते बघणं घेऊन मी घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी जोत्यावरचं शेवाळ खरवडायला बसलो.

दसऱ्याला भिंती चढायला लागल्या. ठेकेदार तरुण, हुशार, पण त्याच्या डोक्यात सगळे फ्लॅट. छत खाली घेऊ म्हणाला, मी वर न्यायला लावलं. सरकत्या काचेच्या खिडक्या लावू म्हणाला. मी म्हटलं, "सरकती खिडकी म्हणजे अर्धी कायमची बंद. अर्धीच उघडायची तर अर्धीच बांध आणि अर्धे पैसे घे." शेवटी दोन्ही फळ्या सताड उघडणाऱ्या लाकडी खिडक्या आल्या, समोरासमोर. वर छताजवळ झरोके ठेवले, त्यांना लावता येतील अशा झडपा. पश्चिमेला रुंद पडवी. स्लॅब पडला तेव्हा मी सांगितलं, आता याच्यावर कौलं.

"काका, स्लॅब आहे ना! दोन-दोन छपरं कशाला? डोकं तर एकच आहे तुम्हाला."

"आहे ते एकच, म्हणून दोन टोप्या."

तो हसला, पण त्याने केलं. स्लॅब आणि कौलं यांच्यामध्ये वारा खेळेल एवढी जागा सोडली. काम झाल्यावर वर चढून त्या सावलीत तो स्वतःच जेवणाचा डबा खाऊन आडवा झाला. उतरल्यावर म्हणाला, "काका, माझ्या गावच्या घराला हेच करतो." घे म्हटलं, त्याचे पैसे नाहीत.

इथपर्यंत सगळं माझ्या बाजूने चाललं होतं. मग मी माती खाल्ली.

बाळंतिणीची खोली बंद ठेवायची असते. समोरासमोरच्या खिडक्या, पडवी, सगळं खरं, पण दार लावलं की वारा गेला. मग काय करायचं? विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "आमच्याकडं कूलर लावतात. पाणी घालायचं, की खोली अशी गार! एसीसारखं झोंबत नाही." त्यांच्याच तोंडचा उपाय म्हटल्यावर मला वाटलं, गड आला. धावत जाऊन भलामोठा कूलर आणला. तेव्हा थंडीचे दिवस होते. उत्तरेचा कोरडा वारा सुटलेला, सुकेळी भराभर वाळत होती. कूलर लावला आणि खोली इतकी गार झाली की मी कानाला मफलर बांधून समोर बसलो. आयुष्यभर हवेचा धंदा केलेला माणूस मी, पण मीठ ठेवून बघायचं सुचलं नाही. विहीणबाईंना जिंकायची घाई झाली होती.

ओटीभरणाला विहीणबाई आल्या तेव्हा थंडी संपली होती आणि वारा समुद्राकडून वाहायला लागला होता. जेवणं झाल्यावर त्या जरीच्या साडीत, ठेवणीतली पावडर लावून खोलीत जाऊन बसल्या. दारं-खिडक्या लावल्या. कूलर सुरू केला. आम्ही ओसरीवर.

पहिल्यांदा आतून आवाज आला, "छान आहे हो!" मग बराच वेळ काही नाही. मग दार उघडलं. बाईंच्या कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत आलं होतं. केस चिकटलेले, साडी अंगाला लागलेली. चेहऱ्यावर पावडरीचे ओघळ. आत जाऊन भिंतीला हात लावला, तर हात ओला झाला. उंबऱ्यावर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "व्याही, मोदकपात्रात बसवलंत मला."

"विहीणबाई, कूलर तुमचाच."

"मी साताऱ्याचं सांगितलं! तिथं हवा कोरडी. तुमच्याकडं हवेतच बादल्या भरून पाणी, त्यात आणखी ओतलंत!"

हसू सगळ्यांना आलं, मलाही. पण निघताना मुलगी माझ्याजवळ आली आणि हळू म्हणाली, "बाबा, जाऊ दे. मी तिकडेच राहते. तुम्ही त्रास नका करून घेऊ." ते मला लागलं. हरलो म्हणून नाही. पोर आपल्या बापाला माहेर माफ करत होती, म्हणून.

विहीणबाई रिक्षात बसल्या, मग मान बाहेर काढून म्हणाल्या, "कूलर माझ्या सांगण्यावरून आणलात. म्हणून एक संधी आणखी देते. पण एकच." बाई सरळ आहेत ते असं.

दुसऱ्या दिवशी मी बायकोच्या बशा काढल्या. एक बशी ओसरीवर, एक माजघरात, एक त्या खोलीत. प्रत्येकीत खडेमीठ. कूलर लावला, तर मिठाचं पाणी झालं. नुसता पंखा लावला, तर मीठ ओलंच. खिडक्या उघडल्या, तर दुपारपर्यंत बरं, मग समुद्राचा वारा आत आला आणि मीठ घामेजलं. घर गार होतं, दोन टोप्यांनी आपलं काम केलं होतं. भिंतींना हात लावा, थंड. पण हवा ओली. आणि ओल्या हवेत घाम वाळत नाही, तर माणूस कसा वाळणार?

शेजारी एक ख्रिस्ती म्हातारी राहते. माझ्यापेक्षा मोठी. बायकोची जिवाभावाची. आमच्या मुलीला जन्मल्यावर पहिली आंघोळ तिनेच घातलेली. ती कुंपणावरून माझा तमाशा बघत होती.

"बशा कशाला मांडल्यास रे? मांजरं पाळतोस?"

मी सांगितलं.

"तुझं डोकं फिरलंय. मशीन आन की. सगळी दुनिया आनते."

"एसी? बाळंतिणीला?"

"बाळंतिनीला कोंडून ठेवायचं, पन उकडून न्हाय मारायचं. तोंडावर वारा न्हाय येला म्हनजे झालं. आनि मला बाळंतिनीचं काय सांगतोस? तुझं कारन येगळंच हाय. मला ठाऊक हाय."

तिला ठाऊक होतं. बायको शेवटी दवाखान्यात थंड खोलीत होती. "हे बंद करायला सांगा हो," असं म्हणायची. मी सांगायला जायचो. बाकीचे पेशंट आहेत, सगळ्यांसाठी बंद करता येत नाही, असं उत्तर यायचं. त्यांचंही बरोबर होतं. मी दोन्ही तळव्यांत तिची पावलं धरून चोळत बसायचो. ती काही गरम झाली नाहीत. तेव्हापासून त्या मशीनचा घुर्र आवाज आला की माझ्या हाताला ती पावलं लागतात. बँकेत गेलो तरी मी बाहेर पायरीवर उभा राहतो.

म्हातारी कुंपण धरून उभीच होती. "ती थंडीनं न्हाय मेली रे," ती म्हणाली. "आजारानं मेली. मशीनवर कशाला राग काढतोस?"

मी तिला चार शब्द सुनावले आणि आत गेलो. पण ते वाक्य आत माझ्याआधी जाऊन बसलं होतं.

रविवारी जावयाला बोलावलं. तो आला आणि पहिलं वाक्य म्हणाला, "बाबा, मी आलो होतो हे आईला सांगू नका." विरारच्या मोठ्या दुकानात गेलो. दुकानदार एकेका मशीनसमोर उभा करून सांगायला लागला, याने खोली अशी थंड होईल, त्याने काश्मीर होईल.

मी म्हटलं, "मला काश्मीर नको. मला थंडच नको. कोरडं पाहिजे."

"म्हणजे?"

"म्हणजे बशीतलं मीठ मोकळं राहिलं पाहिजे."

दुकानदाराने जावयाकडे पाहिलं. घरात सगळं ठीक आहे ना, असं त्या बघण्यात होतं. जावई पुढे झाला, रिमोट हातात घेतला आणि थेंबाच्या चित्रावर बोट ठेवलं. "बाबा, हे. ड्राय. हवेतलं पाणी ओढून बाहेर टाकतं, फार गार करत नाही. आमच्याकडे आहे, पण कोणी कधी लावत नाही." दुकानदारही म्हणाला, आमच्याकडे पावसाळ्यात काही लोक हेच मागतात, तुम्ही उन्हाळ्यात मागितलंत एवढंच.

मशीन आलं. बसवणाऱ्याला सांगितलं, खाटेच्या डोक्याकडे नाही, पायाकडेही नाही. कडेच्या भिंतीवर, उंच, तोंड छताकडे. तो गेल्यावर दार लावून मी एकटा आत उभा राहिलो आणि बटण दाबलं. घुर्र झालं. हाताला ती पावलं लागली. मी बाहेर गेलो नाही. मोठ्याने म्हटलं, "बघ, थंड नाही केलं." कोणाला म्हटलं ते लिहायची गरज नाही.

पडवीमागे मशीनची नळी सोडली होती. तिच्याखाली बादली ठेवली. संध्याकाळपर्यंत बादलीत एवढं पाणी जमलं की मी शेजारच्या म्हातारीला हाक मारली, "हे बघ, आपण काय श्वासातून पीत होतो!" ती म्हणाली, "घाल त्या केळीला." आत बशीतलं मीठ मोकळं होतं. बोटात धरलं तर खळखळ पडलं. या हवेत, या महिन्यात, माझ्या आयुष्यात मी मोकळं मीठ पाहिलं नव्हतं.

विहीणबाई दुसऱ्यांदा आल्या त्या पूर्ण तयारीने. साडी सुती, पावडर नाही. हातात लोकरीचा गुंडा आणि सुया. "बाळाचं टोपरं विणणार आहे," त्या म्हणाल्या. "लोकर हातात धरून घाम आला नाही तर मानेन." ही कसली परीक्षा, हा छळ होता. पण मी म्हटलं, विणा, मोजेपण विणा. मुलगी बरोबर होती, आठ महिन्यांची पोटुशी, ओसरीवर पाय लांब करून बसली. मशीन सकाळपासून चालू होतं. बाई आत गेल्या. दार लागलं.

बाहेर पान हलत नव्हतं. आभाळ पांढरं झालेलं. शेजारची म्हातारी तमाशा बघायला खुर्ची घेऊनच आली होती. 

आणि लाईट गेली.

मशीनचा घुर्र थांबला. ओसरीवरचा पंखा फिरत फिरत उभा राहिला. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे निघालो, खिडकी तरी उघडतो म्हणून. म्हातारीने माझा सदरा मागून धरला.

"बस खाली! खिडकी उघडलीस तर ही सगळी ओली हवा आत जाईल. कोरडी केलेली घालवशील."

"अगं पण ती बाई शिजेल!"

"शिजली तर वरडंल. तोंड हाय तिला."

बसलो. घाम माझ्या कोपरावरून टपकत होता. लाईट येईना. वायरमनला फोन लावला, तो म्हणाला तार तुटलीय, बघतो. सूर्य पश्चिमेला उतरला, फणसाची सावली भिंतीवर चढली. आतून आवाज नाही. ओरड नाही. सुयांची टकटकही थांबली होती. मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांना काही झालं तर नसेल ना?"  मी उठून दार लोटलं.

विहीणबाई खाटेवर भिंतीला टेकून झोपल्या होत्या. तोंड अर्धवट उघडं, घोरणं बारीक. टोपरं छातीवर, एक सुई अजून बोटांत. कपाळावरचं कुंकू जागच्या जागी, गोल.

दाराच्या आवाजाने त्या जाग्या झाल्या. मानेखाली हात फिरवून बघितला. हात कोरडा. मग ओसरीवर आमच्याकडे, आमच्या भिजलेल्या कपड्यांकडे पाहिलं.

"हे काय? तुम्ही काय विहिरीत उतरला होतात?"

"लाईट गेलीय विहीणबाई. कधीची."

त्यांनी मशीनकडे पाहिलं. बंद. वर छताकडे पाहिलं. उठून भिंतीला तळवा लावला आणि तसाच ठेवला. मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या आईनं सरकवलं होतं ना गं हे घर?" मुलीने मान हलवली. बाईंनी टोपरं गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि मला म्हणाल्या, "पोरीला केव्हा आणून सोडू ते सांगा."

मी ओसरीवर आलो. चपला घातल्या आणि तसाच ओल्या सदऱ्याने बाजारात गेलो, पेढे घेतले, आणि देवळापासून बस थांब्यापर्यंत जो भेटेल त्याला दिले. काय झालं विचारलं की सांगायचो, घर पास झालं. काहींना कळलं, काहींनी नुसताच पेढा खाल्ला. ज्यांनी तोंडावर म्हटलं होतं की एकट्याला कशाला घर, त्यांना दोन-दोन दिले.

वैशाखात मुलीला मुलगी झाली. दवाखान्यातून दोघी माझ्या दारात आल्या. बाळंतिणीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा असतो, मगच आत घ्यायचं. मी भाकरी घेऊन पुढे झालो तर विहीणबाई म्हणाल्या, "बायकांनी करायचं असतं ते."

"या घरातली बाई गेलीय. आता मीच."

 मग विहीणबाईंनीच पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि कानाशी म्हणाल्या, "उजवीकडून ओवाळा. उलटं नको." मी ओवाळलं.  पोर आत गेली.

पुढे त्या खोलीत सगळं रीतीप्रमाणे झालं. सकाळी म्हातारी येऊन बाळाला न्हाऊ घालायची, शेगडीवर ओव्याची धुरी द्यायची. धुरीपुरतं मशीन बंद, झडपा उघड्या. धूर गेला की झडपा लावून थेंबाचं बटण. मुलीच्या कानाला रुमाल बांधलेला, अंगावर चादर, आणि अंग कोरडं. बाळाच्या अंगावर घामोळं एक नाही. विहीणबाई चार दिवस म्हणून आल्या आणि राहिल्या. साताऱ्याहून त्यांच्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी ऐकलं, "कूलर? छे गं, इथं चालत नाही कूलर. हवा ओली असते. मी व्याह्यांना आधीच सांगितलं होतं." मी ओसरीवर बसून ऐकत राहिलो. सांगू दे. जिंकलेल्याने भांडू नये.

रात्री-दुपारी मी ओसरीवरच. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम? मी घामाने निथळायचो, आत त्या सुखात झोपायच्या, आणि मला त्या घामाचा अभिमान वाटायचा, खरं सांगतो.

एका दुपारी आतून हाक आली. "बाबा! भूक लागलीय. डिंकाचा लाडू आणा. आणि पाणी कोमट. आणि लवकर!"

मी जागचा उठलो नाही, कारण मला ती हाक नीट ऐकून घ्यायची होती. लग्न झाल्यापासून, आणि आई गेल्यावर तर मुळीच, या पोरीने कोणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. सासरी माणूस विचारतं, चालेल का, घेऊ का. असा हुकूम माहेरीच सोडतात.

"ऐकू येत नाही का हो बाबा?"

"येतं गं, आलो."

लाडू मीच वळले होते, म्हातारीला विचारून विचारून. दारातून हात आत करून ताटली दिली. एक चावा घेतल्याचा आवाज आला. मग कुरकुर.

"दात पडेल माझा. आई असे नाही करायची."

"नव्हतीच करत," मी बाहेरून म्हटलं. "तिचे याच्याहून कडक व्हायचे. मी खलबत्त्यात फोडून खायचो."

 मग ती हसली. जोरात, पोट धरून हसली, टाके दुखतात म्हणून ओरडली आणि तरी हसत राहिली. बाळ जागं झालं, विहीणबाई दोघांवर करवादल्या, आणि मी ओसरीवर एकटा, भिंतीला टेकून, हसता हसता डोळे पुसत बसलो.